बॅटरीचं पाणी

नरसिंगनं गाडीतल्या दुसऱ्या बॅटरीला जेवढं जपलं तेवढं बायकोला कधी जपलं नाही. चांगुणा हे चारचौघींत हसत सांगायची, पण पोटातून काही ती हसत नव्हती. बॅटरी नीट चालली तर नवरा नोकरीत कायम होणार होता, म्हणून तिनं ते चालवून घेतलं होतं.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. जिल्हा होऊन तीन वर्षं झाली आणि त्यातली दोन कोरडी गेली. नव्या कचेऱ्या आल्या, नव्या खुर्च्या आल्या, नव्या पाट्या लागल्या. पाणी तेवढं यायचं राहिलं. अशाच एका कचेरीत दुष्काळी कामांचा पुकारा करत गावोगाव फिरायला एक मेटॅडोर घेतली, आणि तिच्यावर ड्रायव्हर म्हणून, वायरमन म्हणून आणि पुकाऱ्या म्हणूनही नरसिंग लागला. तीन कामं, आणि तिन्ही एकाच रोजावर. उन्हाळाभर दौरा बिनतक्रार पार पडला तर कायम करू, असं अवधूतसाहेबांनी सांगितलं होतं. अवधूतसाहेब या दौऱ्याचे अधिकारी. बोलणं मऊ, इस्त्री कडक. असल्या माणसाला कधी आवाज चढवावा लागत नाही, त्याचं काम खालच्या आवाजातही होतं.

अडचण गाडीवरच्या भोंग्याची होती. इंजिन चालू ठेवून बोलावं तर डिझेल जळतं, बंद करून बोलावं तर तासाभरात बॅटरी बसते आणि गाडी ढकलायला गाव गोळा करावं लागतं. नरसिंगनं नांदेडला वीरण्णाच्या बॅटरीच्या दुकानात सात वर्षं काढली होती.

"साहेब, दुसरी बॅटरी बसवू," तो म्हणाला. "एक गाडीची, एक भोंग्याची. दोघींचा संसार येगळा."

मागच्या सीटखाली त्यानं लाकडी पेटी ठोकली, वाफ निघून जायला तिला भोकं पाडली, जाड वायर ओढली आणि मधे एक स्विच बसवला. इंजिन चालू असलं की स्विच जोडायचा, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या भरतात. इंजिन बंद केलं की आधी स्विच तोडायचा आणि मगच भोंगा लावायचा. नव्या बॅटरीत तेजाब, म्हणजे ॲसिड, भरून ती त्यानं धीम्या करंटवर दीड दिवस चार्ज केली. साहेबांनी दोनदा घाई केली, दोन्ही वेळा तो हलला नाही. "पहिलं चार्जिंग म्हंजी बाळंतिणीचं पथ्य, साहेब. आता चुकलं तर जलमभर भोगावं लागतंय."

तिच्यासाठी त्यानं नांदेडहून पाच लिटरचा पांढरा कॅन आणला होता. त्यात शुद्ध केलेलं पाणी, डिस्टिल वॉटर. उन्हात बॅटरीचं पाणी उडतं. आतल्या प्लेटा उघड्या पडल्या की जळतात. वर विहिरीचं खारं पाणी घातलं की खेळ खलास. म्हणून रोज सकाळी तो सहाही झाकणं काढून बघायचा आणि औषधासारखं मोजून पाणी घालायचा.

गाडीच्या आरशाला आणखी एक पाणी लटकायचं, साहेबांची कॅनव्हासची छागळ. तिला नरसिंगनं हात लावायचा नाही. असं तोंडानं कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यानं ती भरून आणली, तर साहेब "असू दे, असू दे" म्हणाले, पाणी रस्त्यावर ओतून दिलं आणि शिपायाकडून पुन्हा भरून घेतली. भर दुष्काळात. नरसिंगच्या बापानं छप्पन्न साली धम्म घेतला होता, पोरानं कुणापुढं वाकू नये म्हणून. पोरगा वाकला नाही, फक्त आरशाकडं बघायचं टाळू लागला. कायम व्हायचं होतं ना.

मे महिन्यात गाडी अहमदपूरकडच्या बोरखडीला गेली. तिथल्या बौद्धवाड्यात नरसिंगची पारूआत्या राहायची. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवला होता. गाडी थांबली तशा बाया रिकाम्या घागरी घेऊन धावल्या, त्यांना टँकर वाटला. भोंगा बघून त्यांची तोंडं पडली. आत्या मात्र पुढं आली. त्याच्या हातातला पांढरा कॅन तिनं बघितला होता.

"नरसिंगा, घोटभर दे रं. तीन दिस झाले, टँकर न्हाई."

"आत्या, ते प्यायचं न्हाई. बॅटरीचं हाय."

"बॅटरी पेते आन माणसानं पेऊ नाही?"

कॅनमध्ये दोन-अडीच लिटर उरलं होतं. चार वाजता अहमदपूरच्या बाजार समितीत जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांची सभा होती, त्याआधी बॅटरीत पाणी घालायलाच हवं होतं. आणि एकीला दिलं की मागं वीस जणी उभ्या होत्या. नरसिंग खोटं बोलला. "तेजाब मिसळलंय त्यात. आतडी जळतील तुझी."

आत्यानं पदरानं ओठ पुसले. त्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं. नरसिंगला लाज वाटली, पण लाजेपेक्षा त्याला नोकरीची भीती जास्त होती.

गाव सोडून दोन मैल आल्यावर साहेबांनी छागळीला हात घातला. ती तळाला उसवली होती आणि थेंब न थेंब रस्त्यानं गळून गेला होता. ऊन असं की गाडीचा पत्रा बोट लावू देत नव्हता. घाम यायचाच थांबला तसे साहेब घाबरले.

"थांब," ते म्हणाले. "त्यात खरंच तेजाब आहे?"

"न्हाई साहेब. निर्मळ हाय. पण बॅटरीला घालायचंय अजून."

"सभेनंतर घाल."

आता हे प्यायचं कसं? पेला नव्हता. कॅन पहिल्या दिवसापासून नरसिंगच्या हातातला. शेवटी साहेब रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले, ओंजळ तोंडाला लावली, आणि नरसिंगनं वरून धार धरली. नरसिंगच्या बापानं गावच्या विहिरीवर उभा जन्म असंच पाणी प्यायलं होतं. खाली वाकून, वरचा हात कधी थांबेल या धास्तीनं. साहेब प्याले, तोंडावर मारलं, रुमाल भिजवून डोक्यावर ठेवला. कॅन संपला. नरसिंगला आतून गार वाटलं आणि तो जरासा हसला.

साहेबांनी वर बघितलं तेव्हा ते हसू अजून त्याच्या तोंडावर होतं. बस, तेवढंच त्याचं चुकलं.

अहमदपूरच्या सभेत मोठे साहेब बोलायला उभे राहिले आणि तिसऱ्या मिनिटाला भोंगा घोगरा होऊन बंद पडला. पाण्यावाचून प्लेटा उघड्या पडल्या होत्या. नरसिंगनं घाबरून स्विच जोडला आणि भोंगा गाडीच्या बॅटरीवर घेतला. भाषण पार पडलं, पण मेलेल्या बॅटरीनं धडधाकट बॅटरीलाही ओढून नेलं. मोठे साहेब ऐटीत मेटॅडोरमध्ये बसले आणि गाडी सुरूच होईना. बाजार समितीच्या हमालांनी ती ढकलली, लोक शिट्ट्या मारत होते. मोठ्या साहेबांनी उतरताना एवढंच विचारलं, "हे कुणामुळं झालं?"

दुसऱ्या दिवशी अवधूतसाहेबांनी नरसिंगला बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. बोरखडीच्या बौद्धवाड्यातल्या बायांनी सरकारी गाडीला गराडा घालून बॅटरीचं पाणी लुटलं, असं त्यात होतं. खाली साक्षीदार म्हणून नरसिंगचं नाव होतं.

"साहेब, ते पाणी तर..."

"हो," साहेब मऊपणानं म्हणाले. "ते कोणी प्यायलं हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. तिसऱ्याला कशाला? शेजारी दुसरा कागद आहे बघ. तुझ्या कायमच्या नेमणुकीची शिफारस आहे. दोन्हीवर सह्या एकदमच होतील, नाहीतर एकावरही नाही."

नरसिंगला आत्या आठवली, मग वीरण्णाच्या दुकानातली रोजंदारीची सात वर्षं आठवली. त्यानं सही केली. वळणदार केली, शाळेत आत्यानंच घातला होता त्याला.

आठवड्यानं गाडी पुन्हा बोरखडीला गेली. नवी बॅटरी होती, दीड दिवस नीट चार्ज केलेली. पुकारा नरसिंगच्याच आवाजात होता: सरकारी पाण्याची लूट केल्याबद्दल चौकशी होईपर्यंत बौद्धवाड्यातला टँकरचा फेरा बंद, टँकर फक्त गावातल्या विहिरीत रिकामा होईल. त्या विहिरीवर बौद्धवाड्याला पाणी भरू देत नव्हते, हे आख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं.

पारूआत्या गाडीपाशी आली. "कुणी लुटलं रं? तूच तर न्हाई म्हणलास. कोण हाय साक्षीला?"

नरसिंग स्विचकडं बघत राहिला. पुढच्या सीटवरून साहेब वळले. "नरसिंगच आहे ना, बाई. त्याची सही आहे."

आत्यानं घागर खाली ठेवली. तिचे ओठ फुटले होते, रक्त सुकून काळं झालं होतं. मग तिनं विचारलं, "मंग कायम झालास म्हन की."

"हाव," नरसिंग म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"बरं झालं," आत्या म्हणाली, आणि रिकामी घागर कमरेवर घेऊन परत गेली.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "मागच्या घरांना ऐकू गेलं नसेल. पुन्हा एकदा लाव."

बॅटरी पूर्ण भरलेली होती. नरसिंगनं माइक तोंडाशी धरला आणि पाणी कोणी प्यायलं ते सगळं पहिल्यापासून सांगितलं.