वरून दिसलेला चेंडू

मी एक जुनी खुर्ची आहे, पण घरातल्या खुर्चीसारखी नाही. मित्रांनो, माझ्यावर बसायला शिडी चढावी लागते. टेनिसच्या मैदानात, जाळीच्या खांबाशेजारी माझी जागा होती आणि माझ्यावर सामन्याचे पंच बसत.

सुताराने मला जाड लाकडातून घडवलं, जोडांना बोल्ट लावले आणि हिरवा रंग दिला. मग स्वतः वर चढून त्याने मला गदागदा हलवलं. "हत्ती बसला तरी डुगडुगणार नाही," तो म्हणाला. हत्ती कधी आला नाही, पंचकाका मात्र आले. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. दुसऱ्यांचे डोळे तपासण्यात हयात गेल्यामुळे त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर जरा जास्तच भरवसा होता.

आमचं मैदान लाल मातीचं. तिथे चेंडू पडला की लांबट ठसा उमटतो. ठसा रेषेला किंचित जरी टेकला तरी चेंडू आत, नाही टेकला तर बाहेर. खेळाडूला शंका आली की तो बोट वर करतो. पंच खाली उतरतात, ठशापाशी जाऊन वाकून बघतात आणि निकाल देतात. माझ्या जागेवरून मागची रेषा तिरकी दिसते. चेंडू तिच्या अलीकडे पडला की पलीकडे, हे वरून खात्रीने सांगता येत नाही. म्हणून तर मला शिडी दिलेली आहे.

आमच्या क्लबची विजेती बरीच वर्षं एकच होती. सगळे तिला ताई म्हणत. ताईने बोट वर केलं की काका भराभर उतरत. दुसऱ्या कुणी केलं तर वरूनच म्हणत, "दिसलंय मला. खेळा पुढे." मलाही तेव्हा त्यात काही गैर वाटलं नाही. ताईचं म्हणणं बहुतेक वेळा खरं निघे. शिवाय काकांचे गुडघे दुखत. "तिची नजर तयार आहे," ते त्यांना न्यायला आलेल्या काकूंना सांगत. "या नव्या पोरांचं दर वेळी ऐकायचं म्हटलं तर सामना संपायचाच नाही."

मग टिटवी आली. लांब काटकुळे पाय आणि कर्कश आवाज, म्हणून मैत्रिणींनी तिचं हे नाव पाडलेलं. त्या वर्षी ती थेट अंतिम सामन्यात ताईसमोर उभी राहिली. जिंकणारीला मोठ्या स्पर्धेत क्लबतर्फे खेळायला मिळणार होतं, आणि जागा एकच होती.

पहिल्या सेटमध्ये टिटवीचा एक फटका ताईच्या मागच्या रेषेजवळ पडला. काका म्हणाले, "बाहेर." टिटवीने बोट वर केलं.

"काका, बघता का जरा?"

"दिसलंय मला. खेळा पुढे."

तो सेट ताईने घेतला. सेटनंतर मैदानावर चटई ओढून माती सारखी करतात, तशी केली आणि सगळे ठसे पुसले गेले. त्या चेंडूचं खरं काय होतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मी तिथेच उभी होते, तरी मलाही नाही.

दुसरा सेट टिटवीने जिंकला. तिसरा अटीतटीचा झाला. शेवटी ताईचा एक जोरदार फटका टिटवीच्या मागच्या रेषेवर आला. "आत!" काका म्हणाले. ताई जिंकली होती. टाळ्या सुरू झाल्या, पण टिटवी ठशाजवळून हलेना. तिचं बोट वर होतं.

"संपला गं सामना. ये, हात मिळव," काका म्हणाले.

"आधी उतरा, काका."

"अगं, वरून स्वच्छ दिसलं मला!"

"ताईने विचारलं की उतरता, मी विचारलं की वरून दिसतं. असं कसं?"

"तिचं खरं निघतं, म्हणून."

"ते खरं निघतं हे तुम्हाला खाली येऊन बघितल्यावरच कळलं ना? माझं कधी बघितलंत? दुकानात गिऱ्हाइकाचे डोळे न तपासताच चष्मा देता का?"

कुंपणापलीकडून कुणीतरी ओरडलं, "काका, सापडलात!" हशा पिकला. काकांचे कान लाल झाले. क्लबचे सचिव उठून उभे राहिले. "पोरी, खेळायला आलीस की वाद घालायला? समोर कोण आहे याचं तरी भान ठेव!"

तेवढ्यात ताई गळ्यातल्या टॉवेलने घाम पुसत पुढे आली. "उतरा हो काका. नाहीतर ही जन्मभर सांगत फिरेल, ताई जिंकली नाही, तिला जिंकवलं. मला नाही ऐकून घ्यायचं ते."

काका एकेक पायरी उतरले. ठशापाशी गुडघे टेकून बसले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि टिटवीला म्हणाले, "तूपण बघ."

ठशाची कड रेषेला नखाएवढी टेकलेली होती.

टिटवी बराच वेळ वाकून बघत राहिली. "आत आहे," ती म्हणाली आणि जाऊन ताईशी हात मिळवला. मोठ्या स्पर्धेतली जागा ताईला मिळाली.

"एवढा तमाशा करून हरलीसच की," टिटवीचे बाबा कुंपणाशी पुटपुटले.

"हरले. पण हा ठसा बघून हरले, बाबा."

त्या दिवसानंतर काका बोट वर करणाऱ्या प्रत्येकासाठी उतरू लागले. सामने लांबले, बघणारे कुरकुरले, काकूंनी गुडघ्यांना लावायचं तेल आणलं. पुढे टिटवीच विजेती झाली. एकदा तिच्या फटक्यावर समोरच्या नवख्या मुलीने बोट वर केलं, तेव्हा टिटवी वैतागून म्हणाली, "काका, आतच आहे. मी कधी खोटं बोलते का? कशाला वेळ घालवता?" काका उतरले. चेंडू बाहेर होता. पुढचा अख्खा गेम टिटवी फुरंगटून खेळली.

आता मैदानावर चाकांची, हलकी, नवी खुर्ची आली आहे. मी सरावाच्या भिंतीपाशी उभी असते. रंग उडाला, बोल्ट गंजले, एक पायरी निखळायला आली. मित्रांनो, मला जुनी जागा परत द्या असं माझं म्हणणं नाही. तेवढे बोल्ट आवळा, ती पायरी बदला. सरावाच्या सामन्यात तुमच्यापैकी कुणीतरी पंच म्हणून माझ्यावर चढेलच. पायरी डुगडुगत असली की उतरायचा कंटाळा येतो, आणि एकदा कंटाळा आला की माणसाला वरूनच सगळं स्वच्छ दिसायला लागतं.