तक्त्यावर जे छापलं नव्हतं

मी एक जुना तक्ता आहे, मित्रांनो, आणि सध्या शाळेच्या ऑफिसात भिंतीकडे तोंड करून उभा आहे. आवाज दबका वाटला तर कारण तेवढंच.

माझा जन्म १९९७ सालचा, पुण्यातल्या एका छापखान्यातला. पाठीला कापड, वर-खाली लाकडी दांड्या. अंगावर मुलामुलींच्या शरीराची चित्रं : वयात येणं म्हणजे काय, पाळी का येते, गर्भ कसा राहतो. एका संस्थेने मला जुन्नरच्या एका हायस्कूलला भेट दिलं. अट एकच, हे विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांना शिकवायचं. शिक्षकांना इतकी सोयीची अट आयुष्यात कुणी घातली नव्हती.

नववीतली नूतन तीन दिवसांचं शिबिर करून आली. मुलग्यांसाठीही एकाला पाठवलं होतं; तो त्या तासाला कबड्डी घ्यायचा. नूतन मात्र मनापासून शिकवायची. तास शनिवारचा, शेवटचा. घाटघरच्या मुलींची एसटी त्याआधीच सुटायची, त्यामुळे त्या कधीच नसायच्या.

त्यांतल्याच आठवीतल्या हौसाने एकदा नूतनला ऑफिसच्या दाराशी गाठलं.

"मला लई वंगाळ आजार झालाय. दर महिन्याला रगत जातंय. चार दिसांनी थांबतं, पुन्हा येतं. आईलाबी सांगितलं न्हाई. मी मरणार का गं?"

"येडे, ती पाळी. समद्या पोरींना येती."

"तू काय डाक्टर हायेस? छापलेलं दाखव."

छापलेला मी होतो. पण तासाशिवाय मला ऑफिसातल्या कपाटाबाहेर काढायचं नाही, असा हेडसरांचा नियम. मग पुढच्या शनिवारी नूतनने तासाची तयारी म्हणून मला लवकर काढलं आणि सरळ घाटघरच्या एसटीत चढली.

कंडक्टर गेणभाऊ म्हणाले, "पोरी, ह्या गुंडाळीचं लगेज लागंल."

"नकाशा हाय, भाऊ."

"कुठला?"

"शरीराचा. आतला."

"मंग ऱ्हाऊ दे," म्हणत गेणभाऊ घाईने पुढे सरकले.

मागच्या सीटवर मला अर्धा उलगडून नूतनने सगळं समजावलं. हौसाने बोट ठेवून एकेक ओळ वाचली.

"मंग मी मरत न्हाई?"

"न्हाई."

हौसा एवढ्या मोठ्याने हसली की पुढची माणसं वळून बघू लागली. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला तास. दुर्दैवाने तो यशस्वी झाला.

सोमवारी हौसाची आई झुंबरबाई शाळेत आली. नूतन तेव्हा मला कपाटात परत ठेवत होती.

"सर, हौशीचा दाखला द्या."

"का हो बाई? पोरगी हुशार आहे."

"आता न्हाती झाली. माघात लगीन उरकून टाकू. मला ठावंबी नव्हतं. तिनंच हसत हसत सांगितलं, आये, मी मरत न्हाई, मोठी झाले."

नूतनच्या हातातून माझी दांडी निसटली. "मावशी, ती आजारीच असंल. मीच चुकीचं सांगितलं."

झुंबरबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "न्हाई गं बाय. लई झ्याक समजावलंस तू. शाळा शिकावी तर तुझ्यावाणी."

चौदा वर्षांच्या हौसाच्या दाखल्यावर हेडसरांनी कारण लिहिलं, 'घरगुती'.

पुढच्या शनिवारी एका लहान मुलीने विचारलं, "ताई, पाळी आली की घरी सांगायचं का?" शिबिराच्या वहीत उत्तर होतं : आईला विश्वासात घ्यावं. नूतनने मला गुंडाळलं. तो माझा शेवटचा तास. दहा वर्षांनी वरून आदेश आला, की असलं काही शाळेत शिकवू नये. आमची शाळा तो आदेश आधीपासूनच पाळत होती.

मित्रांनो, मला वाळवी लागली आहे, लागू द्या. पण पोरीने घरी खरं सांगितलं तर त्यासाठी तिची शाळा सोडवू नका. एवढी काळजी घ्या. कुणी घेईल असं मला वाटत नाही. पण आत्मवृत्ताच्या शेवटी विनंती करायची रीत आहे.

गेल्या जूनमध्ये हौसा आपल्या मुलीला पाचवीत घालायला आली होती. माझ्या शेजारीच उभ्या होत्या दोघी. मुलीची कॉलर नीट करता करता हौसा तिला हळू आवाजात बजावत होती, "काय बी झालं तरी घरात कुणाला सांगू नकोस. मलाबी न्हाई."