शेणाचा पंचनामा

“साहेब, गवा दिसू नये म्हणूनच तुमी भर दुपारचं आलायसा.”

आक्कानं हे तोंडावर ऐकवलं तेव्हा वनखात्याचे साहेब झाडाखाली गार पाणी पीत होते. अभयारण्याच्या हद्दीवरची ही पट्टी, मधोमध बारमाही झरा. इथं जंगली जनावरांचा वावर नाही असं कागदावर आलं, की पट्टी संरक्षणातून वगळायची आणि कोल्हापूरकरांना डोंगरात बंगले द्यायचे. वावर तपासायला तीन गाड्या हॉर्न वाजवत आल्या. सोबत प्लॉट पाडणारे धैर्यशीलराव आणि त्यांची तांबड्या रश्श्याची पातेली. एवढ्या थाटात गवा काय, मुंगीसुद्धा पुढं आली नसती. धैर्यशीलरावांनी कमान मात्र आधीच उठवली होती, ‘गवा व्हॅली’. वर सिमेंटचा गवा. खऱ्यालाच तेवढी मनाई.

घोटाळा एकच झाला. झऱ्याकाठी ताजं शेण सापडलं.

साहेबांनी नाकाला रुमाल लावून लांबूनच निकाल दिला, म्हशीचं आहे. कारकुनानं तसं लिहून कागद आक्कापुढं धरला. पंचनाम्याला गावचा पंच लागतो, आणि हद्दीवरचं शेवटचं घर तिचं. दारात चार म्हशी, दूध रोज शहरात जातं.

आक्का सहीला बसली नाही, शेणापाशी बसली. काटकीनं उकरलं. आत बांबूच्या पानांचे धागे. तिच्या म्हशी सरकी आणि उसाचं वाडं खातात. चाळीस वर्षं रोज शेण काढणाऱ्या बाईला हे साहेब शिकवणार.

मागल्या साली खालच्या ओढ्यावर भिंत उठली. पाण्याची वाट तुटली म्हणून एक गवा शहरात शिरला. लोकांनी मोबाईल रोखून त्याला गल्लोगल्ली पळवला, आणि छाती फुटून पडल्यावर शेजारी बसून फोटो काढले. आता कळपाला हा एकच झरा उरलाय.

धैर्यशीलराव गोड आवाजात समजावू लागले, की शहर वाढणारच, ते काय कुणाच्या हातात आहे होय. आक्कानं विचारलं, मग गव्यांनी कुठं जायचं?

दोन सालामागं आक्काची म्हैस वीस पावलं हद्दीत गेली, तेव्हा याच साहेबांनी आक्कावर केस केली होती. ते आठवून तिनं कागद परत सरकवला.

“हितं माझ्याबिगर कुणाची म्हैस न्हाय. म्हशीचं म्हणताय न्हवं? मग जंगलात म्हशी चारल्या म्हणून माझ्यावर खटला भरा, आत्ताच. म्या हे श्याण घिऊन कोर्टात येते, तपासू द्यात. आन् गव्याचं आसंल तर तसं लिवा आन् ती कमान पाडा.”

साहेबांनी धैर्यशीलरावांकडं बघितलं, धैर्यशीलरावांनी पातेल्यांकडं. आधी जेवण उरकू, मग बोलू, असं साहेब पुटपुटले आणि उठले.

आक्का वाटेत आडवी उभी राहिली.

“जेवान मागनं. आदी सांगा की, श्याण कुणाचं?”