घाटापलीकडचा मासा

सुमिएने बाही दंडापर्यंत सरकवली आणि हात दुकानातल्या आमिषाच्या माशांच्या टाकीत घातला. जाळी शेजारीच खुंटीला लटकत होती. बाकीच्या गिऱ्हाइकांना ती जाळीनेच मासे काढून द्यायची, सापडेल तो. नाकाझातो-सान आले की मात्र हात.

"हा नको, आळशी आहे," ती पाण्यात बघत पुटपुटली. "थांबा हं. हा घ्या. चांगला रागीट आहे."

"रागीटच हवा," नाकाझातो हसून म्हणाले.

मागच्या खोलीत तिचा नवरा तेरुओ दंडाला नदीरक्षकाची हिरवी पट्टी बांधत होता. गाठ त्याने इतकी आवळली की बोटांना मुंग्या आल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्याच्यासाठी कुणी रागीट मासा निवडला नव्हता. त्याला जाळी. एकदा तर जाळीत मेलेलाच आला, तेव्हा सुमिए म्हणाली होती, "असू दे हो, तुम्ही तरी कुठे पकडताय?"

आयु मासा किड्या-अळीला भुलत नाही. तो आपला एक दगड धरून राहतो, त्यावरचं शेवाळ खातो, आणि दुसरा आयु जवळ फिरकला की त्याचं डोकं फिरतं. म्हणून जिवंत आयुच्याच मागे गळ बांधून त्याला परक्या दगडाशी सोडायचं. घरमालक धडक मारायला येतो आणि अडकतो. मग त्यालाच पुढचं आमिष करायचं. "या माशाला भूक नडत नाही, शेजारी नडतो," असं तेरुओ नवख्या लोकांना सांगायचा आणि स्वतःच पोट धरून हसायचा.

नाकाझातो निवृत्त माणूस. जन्मभर लोकांच्या घरचे पियानो सुरात लावले, बायको गेली, आणि या उन्हाळ्यात गावाजवळ राहायला आले. बोटं लांब, बोलणं हळू. तेरुओने त्यांचा दांडा मोजला, गळ तपासले, टोपीला लावलेला परवाना उन्हात धरून बघितला. सगळं नियमात. वर ते दर वेळी म्हणायचे, "फार कष्ट घेता हो तुम्ही, तेरुओ-सान."

उरला सातवा नियम. नदीमंडळाच्या पुस्तिकेत तो ठळक छापला होता: आमिषाचा मासा याच नदीत पकडलेला हवा, नाहीतर मंडळाने मान्य केलेल्या दुकानातून घेतलेला. बाहेरच्या नदीचा मासा इथे रोग आणतो. ज्याच्याकडे सापडेल त्याचा परवाना रद्द.

त्या दिवशी तेरुओ गाल धरून बाहेर आला.

"दात ठणकतोय. डॉक्टरकडे जाऊन येतो."

"कुठला दात?" सुमिएने विचारलं.

"मागचा," तो म्हणाला आणि हात चुकून दुसऱ्या गालावर गेला.

घाट ओलांडून तो पलीकडच्या नदीवर पोचला. तिथले दुकानदार ओळख म्हणून माशाच्या पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा पर कातरतात. तेरुओने असे दोन आयु घेतले, पाण्याच्या डब्यात ठेवले, हवेचा पंप लावला. पहिल्याच वळणावर पंप बंद पडला. मग तेरुओने गाडी कडेला घेतली, नळीचं टोक तोंडात धरलं आणि फुंकत बसला. पुढच्या वळणावर पुन्हा. त्याच्या पुढच्या वळणावर त्याला घेरी आली आणि तो डबा मांडीवर घेऊन गवतात आडवा झाला. एक मासा मेला. दुसऱ्याने त्याच्या तोंडावर पाणी उडवलं.

"तू रागीट आहेस," तेरुओ त्याला आदराने म्हणाला.

दुपारी नाकाझातो खडकावर बसून, डोळे मिटून, भाताचा गोळा खात होते. त्यांचा माशांचा डबा खाली उथळ पाण्यात दगडाला बांधलेला. तेरुओ गुडघ्यांवर रांगत गेला, पँट कमरेपर्यंत भिजली, बूट चिखलात रुतून तिथेच राहता राहता वाचला. पण डब्यातला मासा नदीत गेला आणि हा डब्यात. रोग पसरू नये म्हणून केलेला नियम आपणच मोडला, हा विचार त्याच्या मनात आला खरा. पण कारण चांगलं होतं.

मंडळाचे अध्यक्ष उसामि-सान ऐंशीच्या घरातले. तेरुओने त्यांना काठापर्यंत हाताला धरून आणलं. त्यांनी चष्मा पुसला, झाकण उघडलं, मासा उलटासुलटा केला.

"अरेच्चा! पर कातरलाय. हा घाटापलीकडचा."

"शक्यच नाही," नाकाझातो उठून उभे राहिले. "सकाळी सुमिए-सानकडून घेतलाय मी."

"सगळे असंच म्हणतात," तेरुओ म्हणाला.

"थांब रे," अध्यक्षांनी पुस्तिका काढली. "हे खरं बोलत असतील, तर विकला सुमिएने. मग सातव्याचं दुसरं कलम. दुकानाची मान्यता जाते."

सातवा नियम तेरुओला पाठ होता, पण प्रत्येक वेळी त्यात त्याला एकच नाव दिसायचं.

"दुकानाचा काय संबंध, अध्यक्षसाहेब? नीट बघा, हे यांचंच काम—"

"तू नवरा आहेस तिचा. तू मध्ये बोलू नकोस."

तिघे दुकानात आले. सुमिएने मासा तळहातावर घेतला, पर बघितला.

"हा माझ्या टाकीतला नाही."

"ते म्हणतात, इथूनच घेतला."

"घेतला ना. मीच दिला. पण तो हा नव्हे."

"मग डब्यात कसा आला? मासा काय घाट चढून येतो?" अध्यक्षांनी डोकं खाजवलं. "सुमिए, वाईट वाटतं गं मला. पण दोघांतलं कुणीतरी खोटं बोलतंय. एकाचं जाणारच."

हातातला मासा तडफडला, तशी सुमिएने त्याला हलकेच बादलीत सोडलं. तेरुओ खाकरला आणि दंडावरची पट्टी सारखी करू लागला. नाकाझातो तिच्या भिजलेल्या बाहीकडे बघत होते.

"मी आणला," ते म्हणाले.

"काय?"

"मी आणला तिकडून. हाव सुटली. सुमिए-सानचं नाव उगाच घेतलं, माफ करा." त्यांनी टोपीची पिन काढली आणि परवाना टेबलावर ठेवला.

सुमिए त्यांच्याकडे बघत राहिली. मग ती वाकली. खूप खाली वाकली, आणि लगेच वर आली नाही. लग्नात तेरुओच्या आईपुढेसुद्धा ती इतकी वाकली नव्हती.

"शाब्बास, तेरुओ!" अध्यक्षांनी त्याच्या हिरव्या पट्टीवर थाप मारली. "नजर आहे तुझी!"

तेरुओला हवं ते सगळं मिळालं होतं. नाकाझातो दांडा खांद्यावर टाकून निघाले होते, पुन्हा न येण्यासाठी. आणि ते किती मोठं खोटं बोलून गेले, हे साऱ्या जगात एकट्या तेरुओला ठाऊक होतं. सांगावं, तर तो माणूस देव ठरणार. न सांगावं, तर हे वाकणं जन्मभर डोळ्यांपुढे राहणार.

संध्याकाळी सुमिएने त्याच्यापुढे भाताची पातळ पेज ठेवली. स्वतःच्या ताटात खारवून भाजलेला आयु घेतला.

"मला नाही का मासा?"

"दात दुखतोय ना तुमचा?"

तो पेज पिऊ लागला. ती सावकाश काटे काढत होती.

"अहो, त्यांच्याकडे गाडी नाही," ती म्हणाली.

"कोणाच्या?"

"नाकाझातो-सानच्या. बसने येतात ते. आणि घाटापलीकडे बस जात नाही."

तेरुओचा चमचा वाडग्यातच राहिला. सुमिएने मान वर केली नाही. आवाजही चढवला नाही.

"तुमची पँट वाळत घातलीय मागे. दातांच्या डॉक्टरकडे कमरेपर्यंत भिजतात, हे मला माहीत नव्हतं." तिने एक काटा ताटाच्या कडेला ठेवला. "उद्या सकाळी अध्यक्षांकडे तुम्ही जाताय, की मी जाऊ?"

तेरुओचे कान लाल झाले होते. त्याने चमचा खाली ठेवला.

"ते बसने येतात," तो म्हणाला, "हे तुला कसं गं माहीत?"