आबांनी नाकारलेला तांब्या

कल्पना करा, मंदाच्या जागी तुम्ही आहात. धुळ्यात वैशाखाचं ऊन तापलंय. आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, आईला आणि तुम्हाला माहेरी न्यायला असोद्याहून आलेले आईचे वडील, पितांबर आबा, तुम्ही पुढे केलेला पाण्याचा तांब्या हातानंच बाजूला सारतात.

"नको बेटा. तहान नाही."

त्यांचे ओठ तर सुकले होते. सकाळीही त्यांनी असंच केलं होतं.

ओट्यावर कैऱ्या चिरत बसलेली मंदाच्या वडिलांची आई भिकुबाई हसली.

"नातू व्हस तवलोंग पोरना घरनं पानी पेतस नई. आठे तं नातच शे."

नातू होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत, या जुन्या रीतीवरून केलेली थट्टाच होती ती. आबाही उगाच हसले. आयतं कारण मिळालं होतं. मंदा मात्र तांब्या घेऊन आत गेली आणि पिशवीत भरलेला नवा फ्रॉक तिनं बाहेर काढून ठेवला.

"मला आखाजीला नाही यायचं."

"का गं? आबांनी तुझ्यासाठी झोका बांधलाय," तिची आई लता म्हणाली.

"मी मुलगा नाही ना."

बाहेर आबांना ते ऐकू आलं. उपरण्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग आपली पिशवी उचलून ते परसात निघाले.

"लता, मंदाला घेऊन ये जरा."

परसातल्या न्हाणीला दार नव्हतं, नुसता गोणपाटाचा पडदा होता. त्यापुढच्या दगडावर बसून आबांनी सदरा थोडा वर केला. बेंबीजवळ बटणाच्या काजाएवढं छिद्र होतं.

"मुंबईला माझं ऑपरेशन झालं ना? लघवीच्या पिशवीत गाठ होती, ती पिशवीच काढावी लागली. डॉक्टरांनी माझ्याच आतड्याची दुसरी शिवून दिली. पण ती आपोआप रिकामी होत नाही. इथून नळी घालावी लागते."

"दुखतं?"

"नाही. लाज वाटते. इथे पडदा सारून कोणी आत आलं तर? म्हटलं, पाणीच नको प्यायला, म्हणजे जावंच लागणार नाही." त्यांनी सदरा खाली ओढला. "तुझ्यामुळे नाही, बेटा."

आईनं मान फिरवून डोळ्यांना पदर लावला.

हात धुऊन आबा पडद्याआड गेले. बराच वेळ कसलाच आवाज आला नाही.

"मंदा, नळी तुंबली. दगडावरच्या पिशवीतली बाटली दे. आणि ती मोठी सिरिंज."

बाटलीत उकळून गार केलेलं मिठाचं पाणी होतं. मंदानं दोन्ही वस्तू पडद्याच्या कडेनं आत दिल्या.

"कशानं तुंबली?"

"आतडं आपली सवय सोडत नाही. शेंबडासारखं चिकट सोडत राहतं. पाणी कमी पडलं की ते घट्ट होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, भरपूर पाणी प्या."

"तुम्ही ऐकलं नाही."

"नाही ऐकलं."

मंदा पडद्याकडे बघत उभी राहिली. शेवटी बादलीत धार पडली आणि आबांचा सुटलेला श्वास तिला ऐकू आला.

ते ओट्यावर येऊन टेकले. भिकुबाईनं विचारलं,

"काय चालनं व्हतं आबा-नातनं?"

मंदानं तांब्या भरून आणला आणि आबांच्या हातात दिला. भिकुबाईसमोर ते सगळं पाणी प्यायले. तिचा कैरी चिरणारा हात तसाच थांबला.

मंदा आत गेली. येताना तिच्या एका हातात पाट होता, दुसऱ्या हातात फ्रॉक. न्हाणीपुढे पाट टाकून, पडद्याकडे पाठ करून ती राखणीला बसली आणि पुन्हा पिशवीत भरायला फ्रॉकची घडी घालू लागली.