तुरीतली हजेरी

मित्रांनो, मेडशीच्या शिवारात तुरीच्या मधोमध बांबूला बांधलेला मी एक जुना भोंगा आहे. रानडुकरं हाकलणं हे माझं काम. सांगतानाही मान खाली जाते.

माझे चांगले दिवस म्यानमारच्या सीमेवर गेले. तिकडे लष्करानं देश बळकावला, तेव्हा परागंदा झालेली पोरं सीमेच्या अलीकडे, भारतातल्या डोंगरात छावणी करून लढत होती. रोज सकाळी त्यांच्यातला लियान माझ्यातून हजेरी घ्यायचा. "थांग! खुआल! बियाक!" समोरून "हजर!" असा आवाज आला की माझा ऊर भरून यायचा.

मग लियानच्या पायाला गोळी लागली. उपचारासाठी तो डोंगर उतरला, मीही त्याच्या पिशवीत होतो. पाय बरा झाला, पण परत जायची छाती होईना. तिकडे रस्त्याच्या कामावर आलेल्या धनराजनं त्याला आपल्या गावी, मेडशीला आणलं आणि काकाच्या, दौलतसिंगच्या, शेतावर राखणीला ठेवलं.

"याच्यात जोरानं काईबी बोलून भरून ठेव," दौलतसिंग म्हणाले. "मानसाचा आवाज आयकला का डुकरं पयतात."

लियानच्या तोंडी दुसरं काही आलंच नाही, हजेरीच आली. ती माझ्यात भरली गेली, आणि तेव्हापासून तीच नावं मी सारखी ओरडायचो आणि डुकरं पळायची. थांग आणि खुआल तर आता या जगात नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

परवा छावणीतून बियाकचा फोन आला. बोलता बोलता त्याला माझ्या तोंडून स्वतःचं नाव ऐकू गेलं. सवयीनं तो ओरडला, "हजर!" मग हरखून म्हणाला, "तिकडेही तुकडी उभी केलीस? आणि आम्ही तुला पळपुटा म्हणत होतो!"

लियानला खोटं बोलवेना. "डुकरं हाकलतोय," तो म्हणाला.

"तुझं नाव नाही ऐकू आलं," बियाक एवढंच बोलला.

"मी घेतलंच नाही."

दौलतसिंगच्या घरच्या सोनीबाई भाकर घेऊन आल्या, तर हा रडताना दिसला. "काहून रडून राह्यला रे बापा? कोनाची नावं हायेत थे?"

त्यानं मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. ते ऐकून मागून आलेल्या दौलतसिंगना त्याच्याकडे बघवेना. "मले सांगाचं तं होतं," ते पुटपुटले. त्यांनी हजेरी पुसली आणि माझ्यात स्वतःचं "हो, हुर्र" भरलं. डुकरं तेवढीच पळतात.

मित्रांनो, मी फुटका दिसलो तरी मला भंगारात घालू नका. माझे सेल बदलत राहा. छावणीत परतायला लियाननं मला अजून मागितलेलं नाही. मागेल त्या दिवशी तो पहिलं नाव स्वतःचं घेईल, आणि तेव्हा माझा आवाज बसलेला नको.