काल्पाकाखालचं दुखणं

कालीबेकला चक्कर येते, हे कुरणावर सगळ्यांना ठाऊक होतं. काल्पाकाखाली काय आहे, हे फक्त त्याच्या बायकोला. लाल चट्टे, त्यांवर पांढरे पापुद्रे, कानामागे उतरलेले. लोक असली कातडी बघतात आणि त्या माणसाच्या हातचा कुमिसचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा टाळतात. म्हणून ती उंच नमद्याची टोपी डोक्यावरून हलत नसे.

चक्करेवर उपाय झाले. मेंदू जागचा हललाय असं म्हणत वैदूबाईने दोरीने डोकं मोजलं, तेही टोपीवरून. कानाचा डॉक्टर बायकोचा भाचा पडला. थोरामोठ्याला टोपी काढा म्हणायची त्याची छाती झाली नाही. कड जराशी उचलून त्याने कानात डोकावलं नि गोळ्या दिल्या.

जूनमध्ये तंबू उभा राहायचा होता. त्याच्या छताचं लाकडी चक्र, तुंदुक, घरातल्या वडील पुरुषाने काठीवर तोलून उचलायचं. नाही उचललं तर म्हातारा संपला असं लोक धरून चालतील, ही कालीबेकला भीती होती.

चक्र वर गेलं आणि आभाळ फिरलं. मुलाने काठी धरली म्हणून चक्र वाचलं. कालीबेक मात्र आडवा झाला आणि टोपी गवतात गेली. सगळ्यांनी पाहिलं.

सून बेर्मेत सासऱ्यासमोर कधी मान वर करून बोलली नव्हती. तिने टोपी उचलली, झटकली आणि छातीशी धरली.

"दे इकडे, पोरी."

"नाही देणार, अताके."

"अगं, माणसाचा काल्पाक घेणं म्हणजे त्याचं डोकं मागणं!"

"तेच मागतेय. आधी डॉक्टरला दाखवा."

"असा बोडका जाऊ?"

"जा की!" बायको कडाडली. "इतकी वर्षं मी बघतेय, मेले का मी?"

जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी डोकं पाहिलं, कान पाहिले आणि विचारलं, "चट्टे चिघळले की चक्कर वाढते?"

हे त्याला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. "वाढते," तो म्हणाला.

"शरीराचे राखणदार कधी घरच्यांवरच धावून जातात. कातडीवर गेले, तसे कानाच्या आतही गेले असतील. खात्री नाही, अजून शोध चालू आहे. पण दोन्ही दुखणी एकत्र बघू. तोवर जड काही उचलायचं नाही."

बाहेर बेर्मेतने टोपी पुढे केली. त्याने घेतली, पण घातली नाही. लाज वाटत होती, आणि डोक्याला वाराही बरा वाटत होता.

ऑगस्टमध्ये तंबू वरच्या कुरणावर हलला. तुंदुक मुलाने उचललं. बोडका कालीबेक खालून ओरडत होता, "डावीकडे, गाढवा, डावीकडे!"

मग तो कुमिस वाढायला बसला. पहिला वाडगा वडीलधाऱ्यांचा. शेजारचा म्हातारा सापार त्याच्या डोक्याकडे बघत राहिला, हात काही पुढे येईना. कालीबेकचा हात तसाच हवेत राहिला.

बेर्मेत पुढे आली. तिने तो वाडगा घेतला आणि सगळ्यांदेखत उभ्यानेच रिकामा केला.

"अजून द्या, अताके," ती म्हणाली.